झाकण मिटलं की थांबतं

आई व्हिडिओ थांबवायला लॅपटॉपचं झाकण मिटते, हे मला तब्बल चार महिन्यांनी कळलं. तेही अपघातानंच. ती विणत बसली होती. मांडीत लोकरीचा गुंडा, समोर स्टुलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर कुणाचे तरी दोन हात अगदी सावकाश सुया चालवत होते. मी शेजारी पुस्तक घेऊन लोळत होते. मधेच ‘टप्प’ असा आवाज झाला म्हणून वर बघितलं, तर लॅपटॉप मिटलेला आणि आई स्वतःशी पुटपुटत टाके घालतेय. दोन सुलट, एक उलट, एक न विणता पुढे. ओळ संपली तसं तिनं झाकण उघडलं. पडदा दोन-तीन सेकंद काळाच राहिला, मग उजळला, आणि ते हात जिथे थांबले होते तिथूनच पुढे विणायला लागले. मला वाटलं, कंटाळली असेल, म्हणून मिटलं असेल, मग पुन्हा मन झालं असेल. पाच मिनिटांनी पुन्हा टप्प. तिसऱ्या वेळी मात्र राहवलं नाही.

“आई, हे काय करतेस?”

“थांबवतेय.”

“झाकण मिटून?”

“मग? बटण कुठे ठेवलंयस तू त्यात?”

बटण मी ठेवलं नव्हतं, हे खरंच होतं. एमपीव्ही नावाचा प्लेअर मी कितीतरी वर्षं वापरतेय. मुळात त्यात माउस हलवला की खाली एक पट्टी उगवते, तिच्यावर थांबवायचं चिन्ह असतं, मागेपुढे सरकायची रेघ असते. ती पट्टी मला नजरेत खुपायची. चित्र बघताना चुकून माउसला धक्का लागला की ही बया हजर. म्हणून कधीतरी मी माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ओएससी=नो’ अशी एक ओळ टाकली आणि पट्टी कायमची घालवली. मग ती फाइल असलेला फोल्डर मी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा नेत राहिले. आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण सगळ्यांना खुली असलेली संगणकप्रणाली) टाकून दिलं तेव्हाही तोच फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवला. वर तिला सांगितलं, ‘सगळ्यात चांगला प्लेअर टाकलाय बघ.’ चार महिने ती त्या सगळ्यात चांगल्या प्लेअरसमोर बसून बटण शोधत होती, आणि सापडलं नाही तेव्हा तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ‘अगं, स्पेसबार दाब की.’ जणू ते जन्मतःच सगळ्यांना ठाऊक असतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ते ‘मग?’ डोक्यातून जाईना.

गंमत म्हणजे तिची युक्ती तांत्रिकदृष्ट्या अगदी चोख होती. व्हिडिओ चालू असताना प्लेअर संगणकाला सांगून ठेवतो, की बाबा, कुणी कळा दाबत नाहीये म्हणून झोपू नकोस, इथे बघणं चाललंय. पण झाकणापुढे त्याचं काही चालत नाही. झाकण मिटलं की सगळं यंत्रच निद्रिस्त होतं, आणि प्लेअरला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही. उघडलं की तो पुढची फ्रेम दाखवतो. उघडल्यावर पासवर्ड मागू नये एवढी सोय मी करून दिली होती, त्यामुळे तिची वाट अजूनच मोकळी. आणि ही युक्ती कुठल्याही प्लेअरमध्ये चालते. लिनक्सवर कुठला प्लेअर चांगला यावर मी आजवर जेवढं बोलले असेन, त्या सगळ्याला तिनं न बोलता फाटा दिला होता.

मी लिनक्सकडे आले तेव्हा व्हिडिओ लागणं हीच मुळी एक घटना असायची. तेव्हा माझा प्लेअर एमप्लेअर. हंगेरीतल्या आर्पाद गेरेऑफीनं २००० साली सुरू केलेला. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, नाव आणि पुढे फाइल असं लिहून एंटर मारायचं, मग काळ्या पडद्यावर ओळींचा धबधबा कोसळायचा, आणि नशीब असेल तर त्या धबधब्याच्या शेवटी एक चौकोन उघडून चित्र हलायला लागायचं. काही फाइली चालवण्यासाठी तर तो विंडोजच्या डीएलएल फाइली, म्हणजे तयार प्रोग्रामचे तुकडे, आणून आपल्या पोटात घालायचा. हे कळल्यावर मला त्याच्याविषयी आदर आणि काळजी दोन्ही एकदम वाटलं होतं. टर्मिनलमध्ये खाली एक ओळ सतत बदलत असायची, त्यात आवाज आणि चित्र यांच्यातला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवलेला. मी सिनेमा सोडून त्या आकड्याकडे बघत बसायचे. शून्याजवळ असला की जीव भांड्यात पडायचा. माझं यंत्र जुनंपुराणं होतं, त्यामुळे मोठी फाइल लावली की तो आकडा वाढत जायचा, ओठ आधी हलायचे की आवाज आधी यायचा हे कळेनासं व्हायचं, आणि मग चांदण्यांच्या चौकटीत तो प्रसिद्ध संदेश यायचा: तुमचं यंत्र हे चालवायला फारच ‘स्लो’ आहे. त्यातला ‘स्लो’ मोठ्या अक्षरांत. तो मला दर वेळी वैयक्तिक वाटायचा. खाली उपायांची यादीही असायची. त्यातला फ्रेम गाळण्याचा उपाय केला की माणसं टुणटुण उड्या मारत चालायची, पण निदान बोलताना ओठ तरी जुळायचे.

तेव्हाही नारंगी शंकूवाला व्हीएलसी होताच. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या नेटवर्कवर टीव्ही बघायला मिळावा म्हणून जो उद्योग सुरू केला, त्यातून तो निघाला. १ फेब्रुवारी २००१ ला तो सगळ्यांसाठी खुला झाला. तो शंकू म्हणजे रस्त्यावर वाहनं वळवायला ठेवतात तो. ही मुलं असले शंकू गोळा करून आणायची, म्हणून तेच चिन्ह झालं. डिसेंबरच्या अखेरीस त्या शंकूवर लाल टोपी चढते. मला कुणी विचारलं की कुठला प्लेअर टाकू, तर मी गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देते: ज्याला वाद नको असेल त्यानं व्हीएलसी टाकावा. आणि तरीही स्वतः कधी तो वापरला नाही. का, याला धड उत्तर नाही. सगळ्यांना जमतं ते आपल्याला कसं चालेल, असला काहीतरी नतद्रष्टपणा असावा.

आईचा लॅपटॉप तयार करतानाची एक गोष्ट मला त्या रात्री आठवली. नवीन लिनक्स टाकलं, मावशीनं दिलेला विणकामाच्या व्हिडिओंचा पेनड्राइव्ह लावला, पहिल्याच फाइलवर दोनदा क्लिक केलं. आवाज आला, चित्र नाही. नुसता काळा चौकोन आणि त्यातून एक बाई शांतपणे टाके मोजतायत. मी लगेच हातघाईवर आले. सोबत आलेला प्लेअर काढून दुसरा टाकला, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येकाचा काळा चौकोन तेवढा वेगळ्या आकाराचा. शेवटी लक्षात आलं, की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. लिनक्सवरचे बहुतेक प्लेअर हे नुसते पोहरे असतात. खालचा आड एकच, एफएफएमपेग, म्हणजे फाइलीतून चित्र आणि आवाज उलगडणारा प्रोग्राम. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसानं तो २००० सालीच खणायला घेतला. कुणी थेट त्याच्यातून उपसतं, कुणी जीस्ट्रीमर नावाच्या मधल्या रहाटावरून, पण पाणी बहुतेक तेच. आणि पेटंटांच्या धास्तीनं काही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे अवतार, त्या आडाचा थोडा भाग झाकून ठेवतात. २०२२ मध्ये फेडोरा या डिस्ट्रोनं तर एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींसाठी ग्राफिक्स कार्डाची मदत घेण्याची सोयच आपल्या पॅकेजांतून काढून टाकली. ती हवी असेल तर बाहेरच्या भांडारातून आणायची. आईच्या फाइली एच.२६५ मधल्या होत्या, आणि मी इकडे पोहरे बदलत बसले होते. फाइलीच्या नावापुढे एमकेव्ही लिहिलंय की एमपी४, याला इथे अर्थ नाही, तो नुसता डबा. आत काय भरलंय ते महत्त्वाचं. (एमकेव्हीचं पूर्ण नाव मात्रोस्का, एकीच्या पोटात दुसरी अशा त्या रशियन बाहुल्यांवरून. नावं ठेवणाऱ्यांत एखादा तरी रसिक असतोच.) अलीकडे फ्लॅटपॅक या कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजातून प्लेअर घेतला तर तो पोहऱ्याबरोबर स्वतःचा आडही घेऊन येतो. जागा बक्कळ खातो, पण बहुतेक वेळा चालतो.

माझी ही सगळी धावपळ चालू असताना आई म्हणाली होती, “आवाज येतोय ना? मग चालेल की. टाके तर त्या मोजूनच सांगतायत.”

मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, तिथेच ऐकायला हवं होतं. तिला चित्र किती हवं होतं, आवाज किती, हात किती मोकळे असतात, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. मी कोडेक, म्हणजे ते चित्र उलगडणारा तुकडा, बसवला, चित्र आलं, आणि मी जिंकले.

एमपीव्हीशी माझं जमलं ते त्याच्या उघडेबोडकेपणामुळे. एमप्लेअरच्या घराण्यातलाच हा. आधी एमप्लेअर-२ म्हणून एक फाटा निघाला, आणि त्यातून पुढे हा. २०१३ मध्ये पहिल्यांदा बाहेर आला. जुनं अडगळीचं सामान त्यांनी निर्दयपणे फेकून दिलं. यात वर मेनूची रांग नाही, सेटिंगची खिडकी नाही, दोन साध्या मजकुराच्या फाइली, बस. एकीत तो कसा वागेल ते लिहायचं, दुसरीत कुठली कळ काय करेल ते. माझ्या पहिल्या फाइलीत चाळीसेक ओळी आहेत. त्यातल्या एका ओळीवर मीच कधीतरी शेरा मारून ठेवलाय, ‘हे का आहे आठवत नाही, काढू नये.’ एक ओळ प्लेअर बंद केला तरी जागा लक्षात ठेवते. एक ओळ चित्र उलगडायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्सकडे देते. ती आपोआप लागू होत नाही, आपण सांगावी लागते. आईच्या लॅपटॉपवर ती ओळ नसताना पंखा असा घोंघावायचा की त्या बाईंचे टाके ऐकू येईनात. ओळ टाकली आणि पंखा एकदम गप्प. तेव्हा आई म्हणाली होती, ‘आता कसं शांत वाटतंय.’ माझ्या चाळीस ओळींपैकी तिला कळलेली ती एकमेव.

सबटायटलांचाही माझा एक हट्ट आहे. कुठलाही नवीन प्लेअर हाती आला की मी त्याला एक छोटी फाइल खायला घालते, तीत एकच शब्द लिहिलाय: विश्वस्त. जुन्या काळी या शब्दाचे हाल व्हायचे. ‘व’ची वेलांटी आधी लागण्याऐवजी मागाहून, एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून यायची. ‘श्व’ फुटून श, पाय मोडल्याची खूण, मग व. वाचताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. आता सबटायटल रंगवणारं लिबअ‍ॅस अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझची मदत घेतं आणि जोडाक्षरं नीट जुळतात, त्यामुळे ही परीक्षा बहुतेक सगळेच पास होतात. तरी मी घेतेच. विश्वस्त नीट उमटला की बरं वाटतं.

तर दुसऱ्या दिवशी मी आईसाठी बटणं आणायला निघाले. तिच्या लॅपटॉपवर चार प्लेअर टाकले. व्हीएलसी, एसएमप्लेअर, सेल्युलॉइड आणि हारुना. यातले शेवटचे तीन म्हणजे आतून मुख्यतः एमपीव्हीच, वरून माणसात आणलेला. मग परीक्षकासारखी वही घेऊन तिच्या शेजारी बसले. तिचा प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, “हा थांबतो कसा?” मी दाखवायचे, ती मान हलवायची, विणायला घ्यायची. एकानं फाइल उघडताना विचारलं, मागे थांबलात तिथून सुरू करू का? आई चष्म्यावरून बघत म्हणाली, “नाही तर कुठून?” एकाच्या खिडकीत इतकी बटणं होती की ती नुसती बघत राहिली, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीच्या दारात उभं राहावं तशी.

पण खरी अडचण निराळीच निघाली. फुल स्क्रीनमध्ये सगळीकडे बटणांची पट्टी थोड्या वेळानं आपली आपण लपते. माझा हात माउसवरच असतो, त्यामुळे मला ते कधी जाणवलंच नव्हतं. आईचं बघा. व्हिडिओतला हात एक अवघड टाका घालतो. तिला तिथेच थांबवायचंय. आधी उजवी सुई डाव्या हातात द्यायची, टाका निसटू नये म्हणून अंगठ्यानं दाबून धरायचा, लोकर बोटावरून सोडायची, मग मोकळा झालेला हात माउसकडे न्यायचा. माउस हलवला, पट्टी आली. चष्मा नाकावर घसरलेला, तो वर करायचा, बटण शोधायचं. पट्टी गेली. पुन्हा हलवायचं. तोवर तो टाका मागे पडून पुढचे चार झालेले असतात. लपण्याची ती दोन-चार सेकंदं कुणीतरी मोकळे हात गृहीत धरून ठरवली होती. मी वहीत काही लिहिलं नाही. मी फक्त तिचा तो टाका दाबून धरलेला अंगठा बघत होते.

चौथ्या प्लेअरच्या वेळी ती वैतागली आणि दोन्ही सुया हातात तशाच ठेवून तिनं झाकण मिटलं. कोपरानं.

म्हणजे हे होतं तर. झाकणाला हात लागत नाही. कोपर पुरतं.

मी म्हटलं, “आई, कोपरानं ती खालची लांब पट्टी दाबता येईल?” तिनं करून बघितलं. व्हिडिओ थांबला, पण आवाजही गेला, आणि कोपऱ्यात काहीबाही अक्षरं उमटली. कोपर काही एकटा स्पेसबार दाबत नाही, त्याच्यासोबत वरच्या चार-पाच कळा घेऊन जातो, आणि त्यातली एम दाबली की एमपीव्ही मुका होतो. इथे मात्र माझी ती दुसरी फाइल कामाला आली. आधी मी शेजारच्या सगळ्या कळांना स्पेसबारचंच काम दिलं. ते फसलं. स्पेसबारचा हुकूम म्हणजे ‘चालू असशील तर थांब, थांबला असशील तर चाल’. तीन कळा दाबल्या गेल्या तर थांबतो, चार दाबल्या गेल्या तर थांबून पुन्हा चालू. कोपराचं गणित पक्कं नसतं. मग हुकूमच बदलला: ‘सेट पॉज येस’. थांब म्हणजे थांब. कितीही वेळा सांगितलं तरी थांबच. खालच्या दोन रांगांतल्या सगळ्या कळा आणि स्पेसबार, एकूण एक, हा हुकूम. आणि अगदी वरच्या आकड्यांच्या रांगेला ‘सेट पॉज नो’. म्हणजे कोपर खाली टेकवलं की थांबतं, वर टेकवलं की चालतं. बाण मागेपुढे न्यायला तसेच ठेवले. पाऊणएक तास लागला. एकेक कळ एकेका ओळीवर लिहिताना मला जुन्या टर्मिनलच्या दिवसांसारखी तंद्री लागली होती, आणि आई शेजारी बसून झाकण मिटत, उघडत तिची ओळ पुरी करत होती. मी तेव्हा माझ्या लॅपटॉपवर लिहीत होते, म्हणून तिचं अडलं नाही.

बाकीचे चार प्लेअर काढून टाकले. तिचा प्लेअर एमपीव्हीच राहिला. तो चांगला म्हणून मी चार महिन्यांपूर्वी ठेवला होता आणि आताही ठेवला, पण या दोन ‘चांगला’मध्ये काही नातं आहे असं मला वाटत नाही. ‘ओएससी=नो’ ही ओळ मी तिच्या फाइलीतून पुसली. माझ्या फाइलीत ती अजून आहे. पट्टी अजूनही मला खुपते.

परवा गेले तेव्हा ती एक नवीन नक्षी करत होती, वेण्यांची. कोपर टेकलं, चित्र थांबलं, पडद्यावर ते दोन हात मधल्याच टाक्यात गोठले, आणि ती मान वर-खाली करत त्यांच्याकडे बघून विणत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढे ती वेणी वळायची जागा आली. टाके तिसऱ्या सुईवर घ्यायचे, मागे ठेवायचे, पुढचे आधी विणायचे. तिथे आईनं कोपर कळांवर टेकवलंच नाही. ते वर उचललं, झाकणाच्या कडेला लावलं, आणि टप्प.

“अगं, आता थांबतंय की नीट! मिटलंस कशाला?”

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मोकळी सुई माझ्या दिशेनं उभी धरली आणि मोजत राहिली, चार मागे, चार पुढे. मी थांबले.